३१ ऑक्टोबर : फ्रिट्झ वाल्टर यांचा जन्मदिन

जर्मनीतील कायझर्सलाउटर्न येथे १९२० साली आजच्या तारखेस जन्मलेले, मधल्या फळीतून साऱ्या संघाची सूत्रे हालविणारे फुटबॉलपटू फ्रिट्झ वाल्टर यांनी आपली समग्र कारकीर्द त्या एकाच नगराच्या संघास अर्पण केली, आणि १९५१ व १९५३ साली त्यास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. १९४० साली रुमानियाविरुद्धच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात तीन गोल करणाऱ्या या तरुणाची ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने आणि त्यानंतरच्या बंदिवासाने हिरावून घेतली.

तथापि ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे, ज्या हंगेरीने साखळीत जर्मनीचा ८-३ असा धुव्वा उडविला होता आणि जी चार वर्षे अपराजित होती, तिच्याशी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळावयास तेहतीस वर्षांचे कर्णधार वाल्टर उतरले, तेव्हा पाऊस कोसळत होता. युद्धकाळात जडलेल्या हिवतापामुळे उन्हाने म्लान होणाऱ्या या खेळाडूस असेच हवामान मानवत असे. पहिल्या आठ मिनिटांतच दोन गोल पत्करूनही संघ विचलित झाला नाही, आणि जर्मनीने ३-२ असा विजय संपादिला. पराभूत, लज्जित राष्ट्रास त्या दिवशी लाभलेला आनंद निर्मळ होता, असे आम्हांस मनापासून वाटते.

१९५८ साली स्वीडनविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात ते जायबंदी झाले. तोच त्यांचा एकसष्टावा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना. १९८५ पासून कायझर्सलाउटर्नचे क्रीडांगण त्यांचे नाव धारण करते.