आमचे वैद्य, आमची सुईण : इंदापुराकडील उपचारसंबंधांचा एक विचार

उपचार करणाऱ्याचा उल्लेख मराठी माणूस बहुधा स्वामित्वदर्शक सर्वनामाने करतो. 'आमचे वैद्य', 'आमचे डॉक्टर' असे तो आदरार्थी बहुवचनात म्हणतो. न्हावी व सुईण यांच्या बाबतीत मात्र 'आमचा' आणि 'आमची' ही एकवचनी रूपे येतात. सर्वनाम तेच, वचन निराळे. या लहानशा भेदामागे एक सामाजिक इतिहास आहे. पिढ्यानुपिढ्या एकाच घराकडे उपचारासाठी येत राहण्याचा संबंध ज्यांच्याशी प्रत्यक्षात होता त्यांना एकवचन मिळाले, आणि बहुवचनाचा मान ज्यांना मिळाला ते बहुसंख्य खेड्यांत मुळी राहतच नव्हते.

शेळगाव हे इंदापूर तालुक्यातील गाव. तुकाराम महाराजांची पालखी ज्या मार्गाने पंढरीस जाते, त्या मार्गावर अंथुर्णे व निमगाव केतकी यांच्या दरम्यान शेळगावचा फाटा लागतो. हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. जमीनमहसुलाच्या इतिहासात इंदापूरचे नाव आहे ते गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६च्या सुमारास येथे नवी आकारणी सुरू केली म्हणून. अशा गावांची अंतर्गत रचना बलुत्यावर उभी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने ती रचना अभ्यासकांस परिचित करून दिली आहे. बलुत्यांच्या याद्या गावोगाव थोड्याफार बदलतात. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव, जोशी ही नावे बहुधा सर्वत्र आढळतात. वैद्याचे नाव मात्र बारांत सहसा येत नाही. नांगर मोडला तर कोणाकडे जायचे हे गावाने ठरवून ठेवले होते. ताप आला तर कोणाकडे जायचे हे ठरलेले नव्हते.

याचा अर्थ उपचार नव्हता असा नव्हे. गळू फोडणे, तुंबडी लावून रक्त काढणे ही कामे न्हाव्याकडे असत. बाळंतपण सुईणीकडे असे, आणि अनेक गावांत ती मातंग समाजातील स्त्री असे. घराण्याची माहिती खऱ्या अर्थाने तिच्यापाशी होती. कोणत्या सुनेचे पहिले बाळंतपण अवघड गेले, कोणाची मुले जगत नाहीत, हे ती सासूकडून शिकलेली असे. या ज्ञानाला कोणी विद्या म्हटले नाही. ज्या हातांनी मूल जन्मास येई त्या हातांचा एरवी विटाळ मानला जाई, हा विरोध त्या समाजव्यवस्थेला खटकल्याचे फारसे दिसत नाही.

वैद्याचा आश्रय वेगळा होता. पेशव्यांच्या रोजनिशीवरील आपल्या १९००च्या निबंधात न्यायमूर्ती रानडे यांनी, विनामूल्य औषध देणाऱ्या वैद्यांना सरकारातून इनामे मिळत, याची नोंद घेतली आहे. त्यात एका गुजराती वैद्याचाही उल्लेख येतो. म्हणजे वैद्याचे पोषण दरबार करी, गाव करीत नसे. साहजिकच तो कसब्यात वा क्षेत्राच्या ठिकाणी स्थिरावला. सततच्या उपचाराची तात्त्विक बैठक मात्र त्याच्याच शास्त्रात होती. रोग एकच असला तरी प्रकृतिभेदाने औषध बदलते, असे मानणाऱ्या वैद्यास रोगी आधीपासून ठाऊक असणे इष्टच. 'त्यांना आमची प्रकृती ठाऊक आहे' या घरगुती वाक्यात तो सिद्धांत अजून टिकून आहे. 'हातगुण' हा शब्दही येथेच ध्यानात घ्यावा. गुण औषधाचा न मानता हाताचा मानला, की हात बदलण्यास माणूस सहजी तयार होत नाही.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले. पुण्यास बैरामजी जीजीभाई यांच्या नावाची वैद्यकीय शाळा १८७८मध्ये सुरू झाली. खेड्याला 'डॉक्टर' हा शब्द मात्र बऱ्याच अंशी 'देवी डॉक्टर' या जोडशब्दातून कळला. हा देवी काढणारा सरकारी माणूस येई, मुलांच्या दंडांवर टोचून निघून जाई. पुढे १८९७च्या प्लेगात पुण्याच्या घराघरांत शिरून तपासणी झाली आणि सरकारी उपचार म्हणजे सक्ती, हा समज दृढ झाला. घरात पाऊल टाकणाऱ्या वैद्यकास आधी घराची ओळख हवी, ही अपेक्षा त्या अनुभवाने अधिकच बळावली असावी. विसाव्या शतकात पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात 'फॅमिली डॉक्टर' रूढ झाला, तो ही अपेक्षा पुरी करीत. आजोबांना तपासणारा डॉक्टर नातवालाही तपासी. तथापि ही संस्था ठरावीक दर्शनी फी देऊ शकणाऱ्यांची होती, हे विसरता कामा नये.

इंदापूरकडे नीरा डावा कालवा १८८५पासून वाहू लागला, ऊस आला, आणि १९३०च्या दशकात कळंबजवळ वालचंदनगर वसले. हाती रोख पैसा आला की बाजाराच्या गावी खाजगी दवाखाना टिकू शकतो. दुसरीकडे, १९४३मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६च्या अहवालात अल्प मुदतीच्या योजनेखाली चाळीस हजार लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व दोन डॉक्टर सुचविले, आणि १९५२पासून समूहविकास योजनेबरोबर केंद्रे निघू लागली. योजना उदात्त होती. पण तिच्यातील डॉक्टर बदलीच्या नोकरीतला होता. गावाने त्याला नावाऐवजी हुद्द्याने ओळखले : 'सरकारी डॉक्टर'. येथे 'आमचे' हे सर्वनाम सहसा लागत नाही, हे लक्षणीय आहे.

तापासाठी हे चालून जाते. मधुमेह व रक्तदाब यांना चालत नाही. या विकारांत उपचार म्हणजे वर्षानुवर्षांची सोबत. मागच्या खेपेचा आकडा, बदललेली गोळी, बापाला कोणत्या वयात झटका आला, हे एकाच्याच ध्यानी असावे लागते. ओळख जुळते ती बहुधा कोणाच्या तरी शब्दावर, 'त्यांचा गुण येतो' एवढ्या शिफारशीने. टिकते ती मात्र रोगी बरा असतानाही पुन्हा गेला तर. बरे वाटत असताना दवाखान्याची पायरी चढणे मजुरी बुडविणाऱ्याला परवडत नाही, आणि संबंध तेथेच तुटतो.

डॉक्टर राहत नसेल तर गावात कायम राहणाऱ्या माणसाला तयार करावे, हा मार्ग जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७०पासून चोखाळला. त्यांच्या प्रकल्पातील ग्राम आरोग्यसेविकांत निरक्षर व दलित स्त्रियाही होत्या. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ साली 'आशा' नेमल्या : सर्वसाधारणपणे हजार वस्तीस एक, आणि ती त्याच गावची रहिवासी, बहुधा सूनच. तीस वर्षांवरील माणसांची रक्तदाब व मधुमेहासाठीची माहिती घरोघर जाऊन आज तीच भरते. गाव तिला 'आशाताई' म्हणते. नाते आणि आदर दोन्ही त्या हाकेत आले. सुईणीला जे वचन मिळाले नाही ते तिला मिळाले आहे. शासनाच्या लेखी मात्र ती अजून 'स्वयंसेविका' असून तिला वेतन नव्हे, मोबदला मिळतो, आणि त्याचा काही भाग कामागणिक मोजला जातो.