पत्रा साच्याला कुठे टेकतो?

1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. तेव्हाच्या औरंगाबादभोवती प्रेस शॉपचा व्याप वाढला आणि डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, जुळवणाऱ्या फिटरचं कसब मोलाचं ठरलं. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमने हे कसब शिकवायची सोय गावातच केली.

मोटारसायकलच्या टाकीचे भाग सपाट पत्र्यातून ओढले जातात. पत्रा डाय आणि पंचमध्ये नेमका कुठे दाबला जातो, हे कळावं म्हणून फिटर पत्र्याला निळ्या रंगाचा पातळ हात देतो, प्रेस दाबतो आणि उमटलेला ठसा वाचतो. जिथे पकड जास्त, तिथे डायवर हँड ग्राइंडर आणि ऑइल स्टोन चालतो. मग पुन्हा निळा रंग, पुन्हा ठसा. यात दिवस जातात.

दोन वस्तू दाबाखाली कुठे आणि किती टेकतात, याचं पहिलं चांगलं गणित हाइनरिख हर्ट्झने मांडलं. 1880च्या नाताळच्या सुटीत, तेविसाव्या वर्षी, काचेच्या भिंगांचा विचार करता करता. पण त्याची भिंगं गुळगुळीत होती आणि किंचितच दबत होती. ओढला जाणारा पत्रा वाकतो, घसरतो, कुठे पातळ तर कुठे जाड होतो.

असा हिशेब तुकड्यातुकड्यांनी करणाऱ्या पद्धतीला फायनाइट एलिमेंट हे नाव रे क्लफने 1960 मध्ये दिलं. पत्र्याचे तुकडे पाडून जाळी करणं सोपं. टेकण्याची जागा आधी माहीत नसते, हा खरा पेच. संगणकाला ती पावलोपावली शोधावी लागते. लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्टने 1976 मध्ये लिहिलेल्या डायना-थ्रीडी या प्रोग्रॅमचा हेतू होता कमी उंचीवरून टाकलेला बॉम्ब जमिनीवर आदळल्यावर काय होतं ते पाहणं. त्याच वंशातला एलएस-डायना पुढे पत्र्याच्या कामालाही लागला. अशा प्रोग्रॅममध्ये जाळीचा बिंदू समोरच्या पृष्ठभागात किंचित घुसला, की काल्पनिक स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते. ती मऊ ठेवली तर पत्रा डायच्या पोलादात बुडतो; फार कडक केली तर काळाचं पाऊल बारीक करावं लागतं आणि हिशेब लांबतो. स्प्रिंगऐवजी लॅग्रांज गुणक ही गणिती युक्ती वापरली तर घुसखोरी थांबते, पण अज्ञात संख्या वाढतात.

सुरकुत्या आणि चिरा पडद्यावर आधीच दिसू लागल्या, हा मोठाच फायदा. मात्र हिशेब आटोपशीर राहावा म्हणून डाय बहुधा न वाकणारी धरली जाते. खरी डाय प्रेसच्या भाराखाली केसभर वाकते आणि तेवढ्याने पकड बदलते. डायलाही लवचीक धरायचं तर तिचीही जाळी आली, दोन्ही बाजूंनी हलणारा संपर्क आला आणि गणनेचा वेळ कितीतरी वाढला. म्हणून डायच्या चाचणीच्या, म्हणजे ट्राय-आउटच्या वेळी प्रेसजवळ फिटर अजूनही लागतोच.