कंबरेचे दुखणे आणि छायाचित्राची साक्ष

जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत आणि मोंढ्यात कंबर दुखते म्हणणाऱ्या गड्याला एकच उत्तर मिळताना आम्ही ऐकले आहे: ओझे उचलतोस, कंबर दुखणारच! पुष्कळदा ते खरेही असते. पण विसाव्यातही न थांबणारे, एकाच बाजूला रुतलेले आणि ताप आणणारे दुखणे निराळे. कण्याचा तळ जेथे कटीच्या हाडांना मिळतो, त्या सांध्यात क्षयाचे किंवा पू करणारे जंतू शिरलेले असू शकतात. गुराढोरांपासून येणारा ब्रुसेलाही त्यांतलाच.

१७७९ मध्ये पर्सिव्हल पॉट यांनी वाकलेल्या कण्याचे वर्णन केले. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाचे हाड दिसू लागले. परंतु हाड झिजल्यावाचून ह्या किरणांना रोग दिसत नाही. त्यास आठवडे, क्षयात महिनेही लागतात. तोवर 'फोटो स्वच्छ' हा शेरा आजाऱ्याला कामचुकार ठरवितो.

१९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिला रुग्ण तपासला; १९७३ मध्ये लॉटरबर यांनी चुंबकीय चित्रणाची वाट दाखविली. आजचे एमआरआय हाडातील सूज झीज होण्यापूर्वीच दाखविते. मात्र जंतू कोणता, हे चित्र सांगत नाही; त्यासाठी सुईने काढलेला द्रव किंवा रक्त तपासावे लागते.

स्वच्छ फोटो म्हणजे निरोगीपणाचा दाखला नव्हे, एवढे मुकादमाने आणि मालकाने ध्यानात ठेविले तरी पुष्कळ कंबरा वाचतील.