शेतसाऱ्यातल्या चार पै



गावची शाळा कुणाच्या पैशावर चालते, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, 'सरकारच्या!' पण सरकारच्या तिजोरीत तो पैसा आला कुठून? हा प्रश्न जुनाच आहे. त्याचीच हकीकत आज सांगतो.

मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली. १८६९ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. हाच तो लोकलफंड. त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. आण्याच्या पै १२. त्यांतल्या ४ शाळेच्या. ज्याचा सारा वर्षाला १२ रुपये, त्याच्याकडून शाळेसाठी ४ आणे जात. रक्कम लहान खरी. पण ती देणाऱ्या घरचे पोर बहुधा शाळेत नसे, गुरांमागे असे.

१८८२ साली सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाच्या चौकशीचे कमिशन नेमले. त्यापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यांचे म्हणणे सरळ होते. सरकारचा वसूल मुख्यतः रयतेच्या घामाचा. खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ हाताने होतो. विद्या वरून खाली आपोआप झिरपेल, ही आशा फोल ठरली. तेव्हा प्राथमिक शाळा सुधारा, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा.

पैसा कशावर घालावा, तेही त्यांनी नेमके सांगितले. शिक्षक तयार केलेले हवेत, शक्यतो शेतकरी वर्गातले. पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नको. मोठ्या गावी १५ ते २०. मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोल, आरोग्य शिकवावे. आणि शेतीचे धडे नमुन्याच्या छोट्या शेतावर द्यावेत.

आता आपणच हिशेब करा. १२ रुपये पगाराचे वर्षाला झाले १४४. ते नुसत्या लोकलफंडातून काढायचे, तर १२ रुपये सारा भरणारे ५७६ शेतकरी लागतात. एका गुरुजींच्या पाठीशी इतक्या घरांचे चार-चार आणे! वरचे शिक्षण नको, असे कोण म्हणेल? गुरुजींना शिकवणारेही कुठेतरी शिकलेच पाहिजेत. पण पैसा तोकडा असला, की आधी पाया भरायचा की कळस चढवायचा, हे ठरवावेच लागते.

स्थानिक शिक्षणनिधीवर जवळजवळ सगळा हक्क प्राथमिक शाळांचा, हे कमिशनने मानले. सक्तीचे मात्र राहून गेले. गोखल्यांचे १९११ चे बिल पुढल्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. सबंध देशासाठी कायदा व्हायला २००९ साल उजाडले. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

त्या कायद्याने सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तीत निदान पाऊण सभासद पालक, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेला आलेले अनुदान कसे खर्च झाले, हे पाहणे तिचे कामच आहे. तेव्हा मंडळी, बैठकीला नुसती सही करायला जाऊ नका. रंगरंगोटीवर किती गेले, पुस्तकांवर किती, पाण्यावर नि मुलींच्या शौचालयावर किती, विचारा. गुरुजी, आपणही जमाखर्चाचा कागद सर्वांना वाचून दाखवा. त्यात कमीपणा नाही. चार पै देणाऱ्याला जाब विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.