मार्शल नावाचा फोर्क

तर मंडळी, ज्या मार्शल अ‍ॅम्पवर रॉक उभं राहिलं, त्याचं सर्किट मुळात मार्शलचं नव्हतंच. ते अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या 'बासमन'चं, आणि तो होता बास गिटारसाठी!

१९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. पीट टाउनशेंडसारखी पोरं तिथे यायची. बाहेरून आलेले फेंडर महाग पडायचे, म्हणून दुकानातला रिपेअरवाला केन ब्रॅन आणि कोवळा डडली क्रेव्हन यांनी बासमन समोर ठेवून अ‍ॅम्प बांधला. तोच जेटीएम४५.

मग आवाज वेगळा कसा? हाताशी मिळणाऱ्या पार्ट्समुळे. पहिल्या स्टेजला १२एवाय७ऐवजी ईसीसी८३ हा व्हॉल्व्ह बसला, गेन वाढला. चार दहा इंची स्पीकरांच्या जागी पुढे चार बारा इंची आले, तेही मागून बंद पेटीत. आवाज लवकर फाटायला लागला. हाय-फायवाल्यांच्या लेखी हा दोष. गिटारवाल्यांना नेमका तोच हवा होता.

हा बदल उलटाही करता येतो. घरी बांधलेला अ‍ॅम्प फारच फाटत असेल, तर पहिला ईसीसी८३ काढून १२एवाय७ लावून बघा. सॉकेट तोच, सोल्डरिंग नाही.

असो. मात्र पेटी उघडून आत हात घालण्याआधी कपॅसिटर रिकामे झालेत का ते मीटरने तपासा. प्लग काढल्यावरही त्यांत चारशेच्या वर व्होल्ट उरू शकतात, आणि तिथे 'अनडू' नसतं.