वार्धक्य आणि थायरॉईड: निदानाचा इतिहास

गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला लगटून असलेली थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथी, पुरेसे संप्रेरक स्रवेनाशी झाली की थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, विसराळूपणा वाढतो. साठीनंतर ही सारी लक्षणे ‘वयोमानाने’ म्हणून सहज खपून जातात, आणि म्हणूनच या विकाराच्या निदानाचा इतिहास हा मुख्यतः वय आणि आजार यांना वेगळे काढण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

विल्यम गल यांनी १८७३ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे प्रौढ स्त्रियांमधील ही अवस्था मांडली आणि पुढे विल्यम ऑर्ड यांनी तिला मिक्सिडीमा हे नाव दिले. परंतु तिचे मूळ उमगले ते बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांच्या १८८३ मधील अनुभवानंतर, कारण गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढलेल्या त्यांच्या रुग्णांत तेच मांद्य उतरले होते. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. नंतर हा उपचार तोंडावाटे चालू राहिला आणि ती १९१९ पर्यंत जगली. उपचार हाती आला, पण ज्याचा संशयच येत नाही त्या आजारावर तो होणार कसा? रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४९ मध्ये ज्या १४ मनोरुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, त्यांच्या भ्रमिष्टपणामागे हाच विकार होता, आणि थायरॉईडच्या उपचाराने त्यांतील बहुतेक सुधारले.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉईडला कामाला लावण्यासाठी टीएसएच हे संप्रेरक सोडते, आणि थायरॉईड थकू लागली की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. १९६० च्या दशकात ते मोजता येऊ लागल्यावर शोधाचे स्वरूपच पालटले. मरे यांच्या न्यूकॅसलजवळच्या व्हिकम येथे १९७२ पासून २,७७९ प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा ४५ वर्षांनंतरच्या स्त्रियांत टीएसएच ठळकपणे वाढत असल्याचे दिसले. मात्र वाढलेला आकडा म्हणजे आजारच, असे नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कोखर यांच्या स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांतील चाचणीत टीएसएच किंचित वाढलेल्या, परंतु थायरॉईड संप्रेरक पुरेसे असलेल्या ६५ वर्षांवरील ७३७ जणांना थायरॉक्सिन किंवा औषधहीन गोळी दिली असता, वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या थकव्यात लक्षणीय फरक आढळला नाही. औषध गरजेपेक्षा जास्त झाले तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका उतारवयात विशेष असल्याने, सरसकट तपासणीविषयीचा वाद आजही मिटलेला नाही.