गुरांच्या ऊर्जेचा हिशेब : सिंगूरची मोजणी व तिचा अर्थ

भारतीय गुरांच्या उपयुक्ततेविषयीचा वाद जुना असला, तरी त्यास ऊर्जेच्या मोजमापाचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. गोवधनिषेधाचे स्पष्टीकरण केवळ श्रद्धेत न शोधता बैलांचे श्रम, शेण व दूध यांच्या उपयोगात शोधावे, असे मार्व्हिन हॅरिस या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६६ साली प्रतिपादिले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९६९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. जेथे गुरांची संख्या उपासमारीने मर्यादित होते, तेथील व्यवस्थेस कार्यक्षम म्हणता येत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.

हा वाद प्रत्यक्ष मोजणीवर आणला तो स्ट्यूअर्ट ओडेंडहाल यांनी. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथील गुरांचे खाद्य व त्यांपासून मिळणारे उपयुक्त उत्पन्न त्यांनी उष्मांकांत मोजले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार गुरांनी खाल्लेल्या ऊर्जेपैकी सुमारे १७ टक्के ऊर्जा माणसाच्या उपयोगी पडत होती. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कुरणांवर मांसासाठी पोसलेल्या गुरांच्या बाबतीत हे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. शिवाय सिंगूरच्या गुरांचे खाद्य म्हणजे मुख्यतः भाताचा पेंढा, कोंडा व गवत. माणसाच्या तोंडचा घास त्यात फारसा नव्हता.

तथापि या आकड्याचे श्रेय गुरांच्या जातीस देणे योग्य होणार नाही. त्या गाई दूध थोडेच देत. हिशेबात शेणाचे इंधन धरलेले होते, हे येथे निर्णायक ठरते. दुग्धव्यवसायाच्या दृष्टीने भाकड ठरलेली गाय चुलीच्या दृष्टीने उत्पादकच राहते. म्हणजे मोजली गेली ती पशूची क्षमता नव्हे, तर काहीही वाया न घालवणाऱ्या गावाची काटकसर होय.

यावरूनच त्या आकड्याची कालमर्यादाही स्पष्ट होते. पशुगणनेनुसार २०१२ ते २०१९ या काळात भारतातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. नांगराचे काम ट्रॅक्टरकडे गेले, की बैलाचे श्रम हिशेबातून वगळले जातात आणि गावाबाहेरून आलेले डिझेल त्यात जमा धरावे लागते. म्हणून केवळ लिटरमागे लागणाऱ्या चाऱ्यावरून जुन्या व नव्या व्यवस्थांची तुलना करणे अपुरे आहे. हिशेबाची सीमा कोठे आखली, हे प्रथम सांगितल्याखेरीज कार्यक्षमतेचा कोणताही आकडा इतिहासाचा पुरावा होऊ शकत नाही.